जावक क्रमांक एक

मी चौथ्या वर्षी वाचायला लागले, हे रायपुरातल्या निम्म्या मराठी माणसांना ठाऊक आहे. मी कुणाला सांगत फिरले नाही, बाबा सांगत. नागपूरहून येताना गाडी एका स्टेशनात थांबली, मी बाबांच्या मांडीवर उभी राहिले आणि खिडकीबाहेरची पिवळी पाटी एकेक अक्षर लावून वाचली : डों-ग-र-ग-ड. डब्यातल्या एका गृहस्थांनी खूश होऊन मला पेरू दिला. लग्न, मुंज, तेरावं, कुठेही पंगतीत भात यायला उशीर झाला की बाबा ही गोष्ट काढत, आणि दर वेळी पेरू थोडा मोठा होई. या प्रसंगाची दुसरी साक्षीदार माझी आई. ती होती तोवर, गोष्टीतली गाडी डोंगरगडाच्या जवळ आली की तिला काहीतरी काम आठवे आणि ती उठून जाई. मला मात्र ती पाटी अजून दिसते. पेरूही दिसतो.

हे आधी सांगायचं कारण असं की माझी मुलगी निधी साडेपाच वर्षांची झाली आणि तिला वाचता येईना.

एरवी मी थांबले असते. पण बाबांना जाऊन आठ महिने झाले तेव्हा, त्यांच्या फाइली आवरताना, एक खाकी पाकीट सापडलं. बाबांनी रेल्वेच्या कार्यालयात पस्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली होती. क्रमांक घातल्याशिवाय त्यांच्या हातून कागद सुटत नसे. वाण्याकडे दिलेल्या यादीवरही तो असे. पाकिटावर लिहिलं होतं : ‘जावक क्र. १. कु. निधी हिस. स्वतः वाचता येईल तेव्हाच उघडावे. मध्यस्थ नको.’

मध्यस्थ कोण ते लिहिलं नव्हतं. पण आमच्या घरात ती योग्यता माझ्या एकटीत आहे. मी उरलेल्या सगळ्या फाइली पुन्हा एकदा, सावकाश, पानन् पान पाहिल्या. जावक क्रमांक दोन कुठेही नव्हता.

“अवं, उघडून टाक न,” गौतम म्हणाला. गौतम माझा नवरा. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि कुठलीही बंद वस्तू उघडण्यासाठीच असते असं त्याचं शास्त्र सांगतं. “कोन पाहून राहिलं?”

“मी पाहून राहिले,” मी म्हटलं.

पाकीट खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. बाबांनी आत जुन्या कॅलेंडरचं पान घडी करून घातलं होतं. त्यांना माझी पूर्ण कल्पना होती.

तर निधीला मराठी वाचता आलं पाहिजे, आणि श्रावणात बाबांचं वर्षश्राद्ध येतं त्याआधी आलं पाहिजे, असं मी ठरवलं. हाताशी चार महिने होते. अडचण एवढीच की निधीला मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. “निधी, जेवलीस का?” “हाँ, खा लिया.” तिच्या शाळेत इंग्रजी कविता हातवारे करून म्हणतात, आणि वाचन ‘मुलाच्या कलानं’ येतं अशी त्यांची श्रद्धा आहे. मी एका कॉलेजात शिकवते. मुलांच्या वाचनावरची सहा जाड पुस्तकं मी दहा दिवसांत वाचून काढली. त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. फक्त एका गोष्टीवर सहांचंही एकमत होतं, की पालकांनी घाई करू नये. ती प्रकरणं मी चाळून सोडली.

अंकलिपी आणली. ‘ख खटाऱ्याचा’वर निधीनं विचारलं, खटारा क्या होता है? मी उत्तराची जुळवाजुळव करत होते तोवर गौतमनं खिडकीतून आपली स्कूटर दाखवली. त्यानंतर तासभर दोघं स्कूटरवर होती आणि मी व ख घरात होतो.

शेजारच्या वनमालाकाकू मूळच्या यवतमाळच्या. त्या वेखंड आणि सहाण घेऊनच आल्या. “जिभेले उगाळून लाव.”

“काकू, तिची जीभ उत्तम चालते. अक्षर अडलंय.”

“तेच त सांगून राहिली न मी. जीभ मोकळी झाली की अक्षर आपोआप भायेर येते. आमच्या वसंताले लावलं, तो वकील झाला.”

वेखंड लागलं. निधीनं तासभर बेसिन सोडलं नाही. वसंता वकील का झाला असावा हे मला त्या दिवशी कळलं. सूड ही मोठी प्रेरणा आहे.

खालच्या मजल्यावरच्या पायलभाभी वेगळ्या विचारांच्या. “दीदी, आप लोग पुराने तरीके से करते हो. मेरा वाला तो चार साल का है, पूरा मेन्यू कार्ड पढ़ लेता है.” मी त्या रात्री नीट जेवले नाही. पुढे कळलं की तो पनीरचं चित्र ओळखतो.

मग मला वाटलं, पुस्तकं हवीत. रंगीत, मराठी, मोठ्या अक्षरांची. तात्यापाऱ्यात एक जुनं मराठी वाचनालय आहे. बाबा तिथले आजीव सभासद होते. ग्रंथपाल दिवाकरराव यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, बाबांच्या दोन आठवणी सांगितल्या आणि मग बालविभागाची नियमावली काढली.

“ताई, पुस्तक सभासदाच्या नातवंडाले भेटते. सभासद कोन?”

“बाबा.”

“ते त वारले.”

“हो.”

“वारले म्हंजे… मी सोता आलतो न घाटावर. पन रजिस्टरात जिवंत हाये. आता तुम्ही अर्ज द्या, मृत्यूचा दाखला लावा, मंग त्याईचं नाव कमी करू. मंग तुमचा नवीन अर्ज, दोन आजीव सभासदाईच्या सह्या, कार्यकारिणीची बैठक. बैठक दसऱ्यानंतर.”

त्यांनी अर्जाचा कागद पुढे केला. मी पेन उघडलं. ‘खालील सभासदाचे नाव कमी करण्यात यावे’ इथवर छापील होतं, पुढे रिकामी ओळ. मी त्या ओळीकडे जरा वेळ पाहिलं आणि पेन मिटलं.

“दिवाकरराव, रजिस्टरात ते जिवंत आहेत ना?”

“आहेत की.”

“मग त्यांच्याच कार्डावर नातीसाठी पुस्तक द्या.”

दिवाकररावांनी चष्मा पुसला. नियमावलीत पाहिलं. जिवंत सभासदानं नातीसाठी पुस्तक नेऊ नये असा नियम कुठे सापडेना. त्यांनी एका हत्तीच्या गोष्टीचं पुस्तक काढलं, बाबांच्या कार्डावर तारीख मारली आणि म्हणाले, “साहेबाईले सांगा, पंधरा दिवसांत वापस करा म्हनून.”

सांगते म्हटलं.

हत्ती निधीला आवडला. तिनं सगळी चित्रं पाहिली, हत्तीला गोष्ट तोंडी रचून दिली आणि पुस्तक मिटलं. अक्षरांना तिनं बोटही लावलं नाही. तेव्हा मी सहावं पुस्तक पुन्हा उघडलं. त्यात एक उपाय होता : घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी लावा, मूल जाता-येता पाहील आणि शब्द डोळ्यांत बसतील.

इथे मला आमच्या कॉलनीची एक रीत सांगितली पाहिजे, जी मला त्या दिवशी आठवायला हवी होती. कॉलनीत बँक, वीज, रेल्वे अशी बदलीची माणसं फार. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी निघतं, आणि निघणाऱ्याचं जड सामान आधी कॉलनीतच वाटलं जातं. वाद नको म्हणून पद्धत ठरलेली आहे : निघणारा द्यायच्या वस्तूंवर चिठ्ठ्या लावतो, ज्याला जी हवी तो येऊन त्या चिठ्ठीखाली आपल्या नावाची चिठ्ठी लावून जातो. ज्याची आधी चिठ्ठी त्याची वस्तू. आमचा कूलर असाच आला. त्याच्या पाठीवर अजून बाबांच्या अक्षरात त्यांचं नाव आहे, ‘नरहर’.

मी ऐन एप्रिलात घरभर एक्केचाळीस चिठ्ठ्या लावल्या. दार, पंखा, पलंग, आरसा, कपाट, जिन्याची पायरी. बाबांच्या आरामखुर्चीवरही लावली. तिथे जरा कमी डिंक लावला.

घरकामाला येणाऱ्या कांताबाईंनी झाडू थांबवून सगळीकडे पाहिलं. “दीदी, तुमन जावत हव का?” तुम्ही चाललात का, असं त्या छत्तीसगढीत विचारत होत्या.

मी स्टुलावर उभी राहून पंख्याशी झगडत होते. “कांताबाई, अभी कुछ मत पूछो,” मी म्हटलं.

हे उत्तर नेमकं बदलीच्या घरातली बाई देते. कांताबाई आणखी पाच घरी काम करतात.

दुसऱ्या दिवशी चारला मी कॉलेजातून परतले, तर दारात सात जोड्या चपला. एवढ्या चपला आमच्या दाराशी आठ महिन्यांपूर्वी होत्या, म्हणून माझं पाऊल क्षणभर अडलं. आत मात्र जत्रा होती. ‘आरसा’ या माझ्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी : ‘पायल’. ‘पलंग’, खाली ‘वनमाला’. ‘कपाट’, खाली ‘वनमाला’. कूलरवर ‘नरहर’च्या खाली ‘वनमाला’. दिवाणावर खुद्द वनमालाकाकू डोळ्यांना पदर लावून.

“काहून वो अनुश्री? मले एका शब्दानं सांगलं नाई तू. मले कांताबाईकडून समजावं?”

“काय समजावं?”

“तुमी भुवनेश्वरले चालले म्हनून!”

“काकू, मी भुवनेश्वर पाहिलेलंसुद्धा नाही.”

“तिकडं लई दमट हाये म्हनते. लाकडाचं कपाट टिकत नाई तिकडं.” काकू खरोखर रडत होत्या; पण उजवा हात कपाटावर होता.

पायलभाभी फ्रिजमध्ये डोकं घालून म्हणाल्या, “दीदी, फ्रीज पे तो नाम नहीं लगाया मैंने. बस देख रही हूँ, अंदर से.”

मी समजावू लागले. हे वाचन-शिक्षण आहे, म्हटलं. मेंदूवर शब्दाचा ठसा उमटतो, म्हटलं. सात जोड चपलांचे धनी माझ्याकडे, बदलीची बातमी लपवणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं, दयेनं पाहत राहिले. भाषणाच्या ऐन मध्यावर व्हरांड्यातून निधीची किंकाळी आली.

“आई! मेरी सायकल पे ये किसने लगाया?”

मी त्या वेळी काकूंच्या हाताखालून कपाट सोडवत होते. सहाही पुस्तकांतलं सगळं विसरून ओरडले, “मला काय विचारतेस? वाच!”

मग निधीचा आवाज आला. बारीक, रागीट, एकेक पायरी चढल्यासारखा. “ये… पायरी वाला पा. पायरी वाला य. और ये… ये पलंग वाला ल.” जरा थांबली. “पा-य-ल. पायल. पायल आंटी!”

ती आत आली ती थेट फ्रिजपाशी. “आंटी, आप मेरी सायकल ले जा रहे हो?”

पायलभाभींचं डोकं बाहेर आलं. माझ्या मुलीनं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द म्हणजे आरोपीचं नाव. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी स्टुलावर बसले. काकू म्हणाल्या, “पाहा! वेखंड!”

मग निधी घरभर फिरली. आता तिला सगळ्याच चिठ्ठ्यांशी काम होतं. कोण काय नेतंय ते तिला कळायला हवं होतं. “वनमाला. ये भी वनमाला. काकू, ये भी आप?” काकू हळूच कपाटावरून हात काढत होत्या. वाचता वाचता निधी खिडकीजवळच्या कोपऱ्याशी पोचली. कोपरा रिकामा होता.

“आजोबा की कुर्सी?”

“धरमपाल भैया ले गे हे,” कांताबाई दारातून म्हणाल्या.

आठ महिने त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचे नाहीत, एवढा एकच नियम मी घरात केला होता. मी चप्पल घातली, निधीला घेतलं आणि निघाले. निधीनं सायकल मागे सोडली नाही.

धर्मपालजी गल्लीच्या टोकाला राहतात. बीरगांवच्या एका कारखान्यातून निवृत्त. जाताना मी मनात चार कडक हिंदी वाक्यं तयार केली. फाटक उघडलं तर खुर्ची ओट्यावर होती, आणि तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. बैठकीवर आजचं वर्तमानपत्र घडी करून ठेवलेलं. धर्मपालजी शेजारी एका वेताच्या मोढ्यावर.

“आप बैठे नहीं?” तयार वाक्यांतलं एकही न आठवून मी विचारलं.

“बाऊजी की कुर्सी में हम कैसे बैठेंगे, बिटिया? हम तो सुनने वाले हैं.” त्यांनी डोळ्यांकडे बोट केलं, मोतीबिंदू. “रोज पाँच बजे बाऊजी आपके बरामदे में अखबार पढ़ते थे, हम सुनते थे. फिर सुना आप लोग जा रहे हो. सोचा, कुर्सी किसी अनजान घर न जाए.”

मी कॉलेजातून येऊन चहा ठेवत असे तेव्हा व्हरांड्यातून बाबांचा मोठा आवाज येई. वय झालं की माणसं मोठ्यानं वाचतात, असा माझा समज होता.

“हम कहीं नहीं जा रहे,” मी म्हटलं.

निधीनं तोवर वर्तमानपत्र उचललं होतं. सवय लागली होती. सगळ्यांवर कुणाचं तरी नाव असतं असं तिला वाटत असावं. “रा… य… पु… र. रायपुर!”

“हाँ,” धर्मपालजी मान पुढे करून म्हणाले. “आगे?”

“आगे नहीं आता.”

“कोई बात नहीं. आगे का कल सुन लेंगे.”

खुर्ची आम्ही परत आणली. पुढे मी, मागे धर्मपालजी, सगळ्यांत पुढे निधी सायकलची घंटी वाजवत. सगळी गल्ली गच्चीवर होती. कॉलनीच्या इतिहासात एकदा गेलेलं सामान परत आल्याची ही पहिलीच वेळ, आणि ‘भुवनेश्वरची बदली रद्द झाली’ असं सर्वानुमते ठरलं. अभिनंदनं मी तीन दिवस स्वीकारत होते.

दुसऱ्या दिवसापासून पाचच्या ठोक्याला धर्मपालजी आमच्या व्हरांड्यात येऊन बसू लागले. निधी खुर्चीत; पाय जमिनीपासून वीतभर वर. आधी मोठे मथळे, मग लहान मथळे, मग बाजारभाव. ती अडली की ते थांबत. मी स्वयंपाकघरातून दुरुस्ती ओरडले तर म्हणत, “बिटिया, हमको जल्दी नहीं है.” वर्तमानपत्र संपलं की ती त्यांना हत्ती वाचून दाखवी, मराठीतला हत्ती ते मान डोलावून ऐकत. ज्याला दिसत नाही आणि जो चूक काढत नाही असा श्रोता मिळवावा, हा उपाय माझ्या सहांपैकी एकाही पुस्तकात नव्हता.

जूनच्या एका शनिवारी, संध्याकाळी, मी पाकीट काढलं. गौतम नुकताच सिलतऱ्याहून आला होता, कानांत काळी धूळ तशीच. आम्ही तिघं बाबांच्या खुर्चीभोवती बसलो. मी दोन्ही तळहात मांडीखाली दाबून ठेवले, कारण माझा स्वतःवर भरवसा नव्हता.

निधीनं पाकीट फाडलं. कॅलेंडरचं पान खाली पडलं. आतल्या कागदावर मोठी, सुटी, टपोरी अक्षरं होती. अर्थ कळायच्या आधी एक गोष्ट माझ्या लक्षात आली : अख्ख्या पत्रात एकही जोडाक्षर नव्हतं.

ती वाचू लागली. मध्ये एकदाच थांबली : “गुपित मतलब?” “सीक्रेट,” मी म्हटलं. मध्यस्थाची गरज पडली ती एवढीच.

‘निधी, शाबास. आता एक गुपित ऐक. तुझी आई दुसरीत गेली तरी तिला वाचता येत नसे. मी सगळीकडे उलट सांगत आलो. डोंगरगडची पाटी मी वाचली. ती झोपली होती. मी रोज तिला एक पान वाचून दाखवत असे. मला कधी घाई वाटली नाही. आता तिला वाचून दाखवायला मी नाही. ते काम तुझं. रोज एक पान. ती ऐकता ऐकता झोपते. झोपली तर जागी करू नको. आजोबा.’

गौतमनं तोंडावर रुमाल धरला होता, पण खांदे हलत होते. “अन् पेरू?” त्यानं कसंबसं विचारलं.

पेरूबद्दल पत्रात काही नव्हतं.

“आई,” निधी माझ्याकडे वेगळ्याच आदरानं पाहत म्हणाली, “तुझे दूसरी क्लास तक पढ़ना नहीं आता था?”

“नाही,” मी म्हटलं.

“कोई बात नहीं.” हा धर्मपालजींचा सूर होता. ती उठली, हत्तीचं पुस्तक घेऊन आली, आणि खुर्चीच्या हातावर थोपटून म्हणाली, “तू इथे बस. मी वाचते.”

मराठीत म्हणाली. मी बसले. ती स्टूल ओढून समोर बसली आणि पहिल्या पानावर बोट ठेवून सुरू झाली. एका जंगलात. एक. हत्ती. मी मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

पान अर्धं झालं तेव्हा तिचा आवाज थांबला. “पप्पा, आई सो गई?”

“हव,” गौतम हळूच म्हणाला. “राहू दे. तू वाच.”

मी झोपले नव्हते. पण डोळे उघडण्यासारखे नव्हते, म्हणून तशीच पडून राहिले, आणि ती, आजोबांच्या लेखी सूचनेनुसार मला जागी न करता, पान शेवटापर्यंत वाचत गेली.